भूतानची भारताशी मैत्री: हिशोब पैशात करायचा की 'नाही' म्हणण्याच्या किमतीत?

ओसरी

भूतानमध्ये निवडणूक दोन फेऱ्यांत होते. पहिलीत सगळे पक्ष, दुसरीत फक्त पहिले दोन. २०१३ साली पहिली फेरी ३१ मेला झाली आणि तेव्हाचे पंतप्रधान जिग्मे थिनले यांचा पक्ष चांगला पुढे राहिला. दुसरी फेरी १३ जुलैला होती. मध्येच, १ जुलैपासून, भारताने भूतानला स्वयंपाकाच्या गॅसवर आणि रॉकेलवर मिळणारी सवलत थांबवली. सिलिंडर एका रात्रीत दुपटीहून महाग झाला. दिल्लीने कारण दिलं ते तांत्रिक: पंचवार्षिक योजना ३० जूनला संपली, तिच्याबरोबर सवलतीची मुदतही संपली. सिलिंडरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांना मात्र आदल्या वर्षीचा जून आठवत होता. तेव्हा रिओच्या परिषदेत थिनले चीनचे पंतप्रधान वेन जियाबाओ यांना भेटले होते.

दुसऱ्या फेरीत विरोधी पक्षाला ४७ पैकी ३२ जागा मिळाल्या आणि शेरिंग तोबगे पंतप्रधान झाले. २००८ मध्ये याच थिनलेंच्या पक्षाला ४७ पैकी ४५ जागा होत्या. काही आठवड्यांत सवलत पूर्ववत झाली.

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण आपण घरात नेहमी वापरतो. देशांच्या बाबतीत मात्र नाक कोणी दाबलं हे कधी सिद्ध होत नाही. थिनले सवलतीमुळेच हरले असं मी म्हणणार नाही. त्याआधी वर्षभर देशात रुपयांची चणचण होती, लोक चिडलेले होतेच. पण शेजारच्या राजधानीतली एक फाइल पुढे सरकली नाही आणि आपल्या देशातली चूल महागली, हे जाणवणं ही निराळीच गोष्ट आहे. धागा काढावासा वाटला तो त्यासाठी.

थोडी पार्श्वभूमी. ८ ऑगस्ट १९४९ ला दार्जिलिंगला भारत-भूतान मैत्री करार झाला. त्यातलं दुसरं कलम असं होतं की परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्याने चालेल आणि अंतर्गत कारभारात भारत ढवळाढवळ करणार नाही. बदल्यात वर्षाला ५ लाख रुपये आणि देवांगिरीचा प्रदेश परत. तरी पुढची दहा वर्षं भूतानचं दार उत्तरेकडे, तिबेटकडे उघडंच होतं. १९५८ मध्ये नेहरू भूतानला गेले तेव्हा भारतातून तिथे जाणारा रस्ताच नव्हता. सिक्कीममधून नाथू ला ओलांडून, चुंबी खोऱ्यातून, म्हणजे तिबेटमधून फिरून त्यांना पारोला पोचावं लागलं.

१९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, आणि भूतानने उत्तरेचं दार लावून घेतलं. मीठ, लोकर, धान्य यांचा शतकानुशतकांचा व्यापार थांबला. १९६१ मध्ये सीमा रस्ते संघटनेचा 'दंतक' प्रकल्प सुरू झाला. फुंत्शोलिंगहून थिंफूला खेचरावरून पाच-सहा दिवस लागायचे, ते अंतर काही वर्षांत एका दिवसावर आलं. त्याच वर्षी पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. पहिल्या दोन्ही योजनांचा सगळा खर्च भारताने केला. १९७१ मध्ये भारताच्या पाठिंब्याने भूतान संयुक्त राष्ट्रांत गेला.

म्हणजे पाऊण-आठ लाख लोकांच्या देशाला साठ वर्षांत रस्ते, शाळा, दवाखाने, वीज आणि जगात एक खुर्ची मिळाली. आजही सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी एकाशीही त्याचे औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत.

भूतानने काय कमावलं याची यादी सोपी आहे, कोणीही काढेल. मला वाटतं खरा हिशोब दुसरीकडे आहे: मोठ्या शेजाऱ्याला एखाद्या गोष्टीला 'नाही' म्हणायचं झालं तर किती पडतं? ते दरवर्षी महाग होतंय की स्वस्त? जाणकारांनी लिहावं.

दोन_शब्द

वाचतोय. "पाऊण-आठ" नाही हो, साडेसात ते आठ.

ओसरी

@दोन_शब्द, चुकलं खरं. संपादनाची वेळ टळून गेली, आता लोकांनी हसत वाचावं.

सडेतोड

लेख चांगला, पण सूर उलटा लागलाय. २०२४-२५ च्या आपल्या अर्थसंकल्पात एकट्या भूतानला २,०६८ कोटी होते. परराष्ट्र खात्याच्या मदतीत सगळ्यात मोठा वाटा त्यांचा. १३ व्या योजनेसाठी १०,००० कोटी कबूल केलेत, आधीच्या योजनेच्या दुप्पट. एवढं देऊन एका महिन्याच्या गॅसबद्दल आपण अपराधी वाटून घ्यायचं? खाल्ल्या मिठाला जागावं एवढी अपेक्षा करायची नाही का? चीनने दिला असता का हा पैसा?

बखरवाचक

सडेतोड, आपण हे फुकट देतो अशी तुमची समजूत दिसते. चुंबी खोऱ्याच्या टोकापासून सिलिगुडीपर्यंतचा नकाशा एकदा समोर घ्या. ईशान्य भारताला जोडणारी ती चिंचोळी पट्टी आणि चीन यांच्यामध्ये पश्चिम भूतान उभा आहे.

पण मला दुसरंच लिहायचंय. १९४९ चं दुसरं कलम वाचलं की मराठी माणसाला वसई आठवल्याशिवाय राहत नाही. ३१ डिसेंबर १८०२. दुसऱ्या बाजीरावाने कंपनीशी तह केला. सहा हजार तैनाती फौज पदरी घ्यायची, तिच्या खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी करायची नाहीत. सोळा वर्षांत पेशवाई संपली.

आता ताडून पहा. परराष्ट्र धोरणाचं कलम जवळपास सारखं. परकी लष्करी पथकही आहे: भारताची लष्करी प्रशिक्षण तुकडी १९६० च्या दशकापासून भूतानमध्ये आहे, मुख्य ठाणं 'हा' नावाच्या खोऱ्यात. मग भूतानची पेशवाई का झाली नाही?

माझ्या मते दोन गोष्टींमुळे. तैनाती फौजेचा खर्च आश्रिताच्या बोकांडी बसायचा, आणि तो थकला की आणखी मुलूख तोडायचा. सापळ्याची खरी कळ ती होती. इथे पैशाचा ओघ उलटा आहे, मोठाच देतो. आणि दुसरी गोष्ट म्हणजे भूतानने घरातलं भांडण कधी बाहेर नेलं नाही. बाजीराव वसईला गेला तो होळकरांनी पुणं घेतलं म्हणून. सिक्कीममध्ये १९७३ ला चोग्याल (तिथला राजा) आणि पक्ष यांच्यात जुंपली, मध्यस्थीला दिल्ली आली, आणि १९७५ च्या मेमध्ये सिक्कीम भारताचं राज्य झालं. थिंफूने ते शेजारच्या गच्चीवरून पाहिलंय. थिंफूचे राजे त्यातून काय शिकले असतील ते त्यांच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या वागण्यात दिसतं.

चकवा

बखरवाचक, __/\__

तैनाती फौजेची तुलना चपखल. फक्त "मोठाच देतो" यावर शंका आहे. मदतीतला बराच पैसा ठेके, सिमेंट, यंत्रं, सल्लागार या वाटांनी परत येतो ना? भूतानचा जवळपास ८० टक्के व्यापार भारताशीच आहे.

जलतरंग

मी भूतानमधल्या एका जलविद्युत प्रकल्पावर काही वर्षं काढली आहेत. प्रकल्पाचं नाव लिहीत नाही. चकवा यांचा प्रश्न तिथे रोज जेवणाच्या टेबलावर असायचा, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवात चुखा प्रकल्पाची. वांगछू नदीवर ३३६ मेगावॉट, १९८६ ते ८८ मध्ये चालू झाला. खर्चाचे ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज, तेही कमी व्याजाचं. जादा वीज सगळी भारत घेणार. भूतानच्या सरकारला पहिल्यांदा स्वतःची अशी भक्कम कमाई झाली ती या प्रकल्पातून. त्याच नदीवर खाली ताला, १,०२० मेगावॉट, २००६-०७. तोही ६०:४०. बांधणारा, पैसे देणारा आणि माल घेणारा एकच. ऐकायला धोकादायक वाटतं, पण सुरुवातीला त्यात जोखीम भारताचीच जास्त होती. धरण फसलं असतं तर बुडणारे पैसे मुख्यतः त्याचे होते.

मग २००८ मध्ये ठरलं की २०२० पर्यंत १०,००० मेगावॉट उभे करायचे. आकडा मोठा झाला तसं प्रमाण फिरलं. पुनात्सांगछू-१ ला ४० टक्के अनुदान, ६० टक्के कर्ज. पुनात्सांगछू-२ आणि मांगदेछू यांना ३०:७०. व्याज १० टक्क्यांच्या घरात. मैत्री तीच होती, करारही तसाच दिसायचा. जोखीम मात्र या बाजूवरून त्या बाजूला सरकली होती. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या ते उशिरा ध्यानात आलं.

पुनात्सांगछू-१, १,२०० मेगावॉटचा. २०१३ मध्ये धरणाच्या जागेजवळ उजव्या तीरावरचा डोंगर सरकला. लाखो घनमीटर माती काढून, डोंगरात लोखंडी दोर ठोकून तो थोपवायचे प्रयत्न झाले. डोंगर काही ऐकेना. मूळ साडेतीन हजार कोटींचा अंदाज अडीच पटीच्या पुढे गेला. काम अडलं तरी कर्जावर व्याज चढतच असतं, आणि बांधकामाच्या काळातलं व्याज मुद्दलात मिळवलं जातं. वीज एक युनिट नाही आणि कर्ज वाढतंय, अशी ती अवस्था. भूतानचं परदेशी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या वर गेलं त्यात निम्म्याहून जास्त वाटा या प्रकल्पांचा आहे. ते रुपयांत आहे आणि विजेची विक्रीही रुपयांत, म्हणून गळफास बसत नाही. पण प्रकल्प वेळेवर चालू झाला तरच.

आता २०१२ ची रुपया-टंचाई, जिचा ओसरी यांनी ओझरता उल्लेख केला. भूतानचं चलन ङुल्त्रुम १९७४ पासून आहे, रुपयाशी एकास एक. रुपया तिथे सरळ चालतो. मोठे प्रकल्प सुरू झाले की सिमेंट, पोलाद, मजूर, डिझेल सगळं भारतातून येतं, त्याचे पैसे रुपयांत जातात. वर लोकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या, इमारती बांधल्या. रुपया संपला! डॉलर विकून रुपये घ्यावे लागले. २०१२ च्या मार्चमध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने रुपये देण्यावर आणि गाड्या-घरांच्या कर्जांवर बंधनं आणली. एवढं सगळं घडलं ते मदत आटल्यामुळे नव्हे, उलट जास्तीच्या कामांमुळे. ओढ्याला पूर आल्यावर विहीर आटावी तसं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी बाहेरच्यांना ठाऊक नसते. हे प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे आहेत, मोठा साठा नाही. पावसाळ्यात वीज उतू जाते, हिवाळ्यात नद्या आटतात. हिवाळ्यात, जेव्हा हीटर लावायचे असतात, तेव्हा भूतान भारताकडून वीज विकत घेतो.

सडेतोड

@जलतरंग माहितीबद्दल आभार, पण डोंगर सरकला त्यात दिल्लीचा काय दोष?

जलतरंग

डोंगराचा दोष नाही, जागेचा आहे. आणि जागा कोणी निवडली, अभ्यास कोणी केला, हे वाद तिथल्या संसदेपर्यंत गेले होते. मी एवढंच म्हणेन की सल्लागार, ठेकेदार आणि सावकार एकाच गावचे असले की चौथा माणूस तपासायला लागतो, आणि तो नव्हता.

पारोची_वाट

मी २०१४ ते १७ थिंफूत होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. मुलं तिथल्याच शाळेत. धाग्यात सगळं सरकारी चाललंय म्हणून थोडं घरगुती.

तिथे भारतीयांबद्दल राग आहे का, असं मला इकडे सगळे विचारतात. राग नाही. पिढीचा फरक आहे. साठीच्या वरची माणसं 'दंतक'चं नाव आदराने घेतात, कारण त्यांनी खेचरं पाहिली आहेत. आमच्या घरमालकीणबाईंना भारतीय शिक्षकांनी शिकवलं होतं, त्या त्यांची नावं अजून घेतात. त्यांचा मुलगा मात्र विचारायचा, "आमच्या रस्त्यावर तुमचे फलक कशाला?" रस्त्याकडेच्या हिंदी-इंग्रजी घोषणा त्याला खुपायच्या. तो आता ऑस्ट्रेलियात आहे. त्याच्या वर्गातले निम्मे तिथेच. मला वाटतं भूतानला आज चीनपेक्षा त्या विमानाच्या तिकिटाची धास्ती जास्त आहे.

आणि 'नाही' म्हणण्याबद्दल. ते लोक 'नाही' म्हणतात, पण आवाज न करता. २०१५ मध्ये थिंफूतच चार देशांचा वाहतूक करार झाला: बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांच्या गाड्यांनी एकमेकांकडे सरळ जायचं. पुढच्या वर्षी त्यांच्या वरच्या सभागृहाने तो फेटाळला. एवढ्या गाड्या आमच्या डोंगरांना झेपणार नाहीत, धूर नको, आमच्या ट्रकवाल्यांचं काय, असे मुद्दे. आम्ही तिथे होतो तेव्हाच्या गप्पांत कोणी त्याला भारतविरोध म्हटल्याचं मला आठवत नाही. नंतर २०२० मध्ये भारतीय पर्यटकांनाही माणशी रात्रीला १,२०० रुपये शुल्क लावलं. तोवर आपल्याला माफ होतं. आपल्याकडच्या सहल कंपन्या नाराज झाल्या, दिल्ली काही बोलली नाही.

ओसरी

पारोची_वाट, हे फार मोलाचं आहे. याच धर्तीची एक जुनी नोंद: १९८५ मध्ये भूतानने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केली. भारताने त्या कराराला पहिल्यापासून विरोध केलेला, आजही सही नाही. तेव्हा दुसरं कलम लागू होतं! सल्ल्याने चालायचं म्हणजे किती, हे भूतानने असं चाचपून चाचपून ठरवलं. शेवटी २००७ च्या नव्या करारात ते कलमच बदललं. आता मजकूर असा की दोघं राष्ट्रहिताच्या प्रश्नांत निकट सहकार्य करतील आणि आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध वापरू देणार नाहीत.

सडेतोड यांनी मिठाला जागण्याचं काढलं होतं. डिसेंबर २००३ आठवा. आसामातल्या बंडखोर संघटनांचे सुमारे ३० तळ दक्षिण भूतानच्या जंगलात होते. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी आधी अनेक वर्षं बोलणी करून पाहिली, मग १५ डिसेंबरला छोटं सैन्य घेऊन स्वतः मोहिमेवर गेले. काही दिवसांत तळ उठले. थिंफूहून पुनाखाला जाताना दोचुला खिंडीत जे १०८ स्तूप लागतात ते त्या मोहिमेच्या स्मरणार्थ आहेत. पर्यटक तिथे फोटो काढतात, बहुतेकांना ते का उभे आहेत हे सांगितलेलं नसतं. मीठ दोन्ही बाजूंनी खाल्लं गेलंय.

गोधडी

सगळे राजे आणि कलमं यांच्यावर बोलताय. १९९० नंतर दक्षिण भूतानमधले लाखभर नेपाळीभाषक ल्होत्साम्पा देशाबाहेर गेले, घालवले गेले, त्यांचं काय? भारताची सीमा ओलांडून ते नेपाळच्या छावण्यांत पोचले. भूतान आणि नेपाळ यांच्यात सीमाच नाही, मध्ये आपणच आहोत. दिल्लीने हा दोघांचा आपसातला प्रश्न आहे म्हणत हात वर केले. २००७-०८ पासून त्यातल्या एक लाखाहून अधिक लोकांना अमेरिकेने आणि इतर देशांनी घेतलं.

मोठ्या शेजाऱ्याच्या मैत्रीचा हा फायदा राजांना झाला, त्या माणसांना नाही. "अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नाही" या वाक्याची ही दुसरी बाजू. तुमच्या जमाखर्चात ही नोंद कुठल्या रकान्यात टाकणार?

बखरवाचक

गोधडी, यावर माझ्याकडे उत्तर नाही. नोंद खरी आहे.

सातबारा

वेगळ्या दोन उदाहरणांची भर घालतो, म्हणजे भूतान कितपत नशीबवान ते मोजता येईल.

पराग्वे आणि ब्राझील. पाराना नदीवर इताइपू धरण, १९७३ चा करार, १४,००० मेगावॉट, निम्मी निम्मी वीज. पराग्वेला त्याच्या निम्म्यातली थोडीच पुरायची. उरलेली तिसऱ्याला विकायची सोय नव्हती, ब्राझीललाच द्यायची, आणि त्याचा मोबदलाही ठरवून दिलेला. वर्षाला सुमारे १२ कोटी डॉलर. २००९ मध्ये पराग्वेचे अध्यक्ष लुगो यांनी ब्राझीलचे अध्यक्ष लुला यांच्याशी बोलून तो ३६ कोटी करून घेतला. म्हणजे तिप्पट! याचा अर्थ आधीची कित्येक वर्षं काय चाललं होतं ते समजून घ्या. कर्ज फिटलं २०२३ मध्ये, पन्नास वर्षांनी. तरी विजेचा भाव ठरवताना दोघांची ओढाताण चालूच आहे.

दुसरं मंगोलिया. निर्यातीचा ८० टक्क्यांहून जास्त माल चीनला. नोव्हेंबर २०१६ मध्ये दलाई लामा उलानबातरला गेले, निव्वळ धार्मिक दौरा. चीनने कर्जाची बोलणी थांबवली, सीमेवर ट्रकवर जादा शुल्क बसवलं. डिसेंबरमध्ये मंगोलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं की हे सरकार त्यांना पुन्हा बोलावणार नाही. गॅसच्या सवलतीत निदान तांत्रिक कारणाचा पडदा तरी होता.

मंगोलियाने 'तिसरा शेजारी' नावाचं धोरणच काढलंय: जपान, अमेरिका, युरोप, भारत, जो येईल तो. पण कोळसा वाहायला रस्ते दोनच देशांतून जातात. भूगोलाला तिसरा शेजारी नसतो.

चकवा

मग नेपाळचं का नाही बोलत? सप्टेंबर २०१५, नवीन राज्यघटना, आणि सीमेवर चार-साडेचार महिने कोंडी. दिल्ली म्हणाली ते मधेशींचं (नेपाळच्या तराईतल्या लोकांचं) आंदोलन आहे, आम्ही काही अडवलं नाही. भूकंपाला पाच महिने झाले होते, तातोपानीचा चीनकडे जाणारा रस्ता ढिगाऱ्याखाली. लोक लाकडं जाळून स्वयंपाक करत होते. पुढच्या मार्चमध्ये काठमांडूने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. दाबलेलं नाक दुसऱ्याच खिडकीतून श्वास घ्यायला शिकलं! २०१३ आणि २०१५ शेजारी ठेवून बघा. भूतानमध्ये दिल्लीला हवं ते मिळालं असं वाटलं, म्हणून नेपाळमध्ये तेच केलं असेल का?

ओसरी

"म्हणून केलं असेल" याला पुरावा नाही, चकवा. पण परिणाम वेगळे का झाले ते विचार करण्यासारखं आहे. नेपाळकडे उत्तरेचा रस्ता होता, खचलेला असला तरी. भूतानकडे तो नाहीच.

आणि याच मुद्द्यावर डोकलाम येतं. १६ जून २०१७ ला सुरू झालेलं चिनी रस्त्याचं काम अडवायला भारतीय सैनिक उतरले ते भूतान आणि चीन दोघंही हक्क सांगतात त्या जमिनीवर. ७३ दिवस. भूतानने २९ जूनला एक छोटं निवेदन काढलं: हा रस्ता १९८८ आणि १९९८ च्या समजुतींचा भंग आहे, पूर्वस्थिती राखा. भारतीय सैन्याबद्दल त्यात अवाक्षर नाही, बोलावलं असंही नाही आणि जा असंही नाही. दोन हत्तींच्या मधल्या माणसाने लिहिलेलं इतकं नेमकं पत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण त्याआधीची गोष्ट बघा. १९९६ मध्ये चीनने अदलाबदल सुचवली होती. उत्तरेच्या पासामलुंग आणि जाकारलुंग खोऱ्यांतल्या ४९५ चौरस किलोमीटरवरचा हक्क आम्ही सोडतो, तुम्ही पश्चिमेला २६९ सोडा. निव्वळ भूतानच्या दृष्टीने पाहिलं तर वाईट सौदा नव्हता. पण त्या पश्चिमेत डोकलाम होतं, आणि डोकलाममागे सिलिगुडी. सीमेची बोलणी १९८४ पासून चालू आहेत आणि अजून मिटलेली नाहीत. दरम्यान त्या उत्तरेच्या खोऱ्यांत चिनी वस्त्या उभ्या राहिलेल्या उपग्रहचित्रांत दिसतात.

मला विचाराल तर भूतानने मैत्रीची सगळ्यात मोठी किंमत इथे मोजली आहे. आणि ती कुठल्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, सडेतोड. २,०६८ कोटींसमोर हा आकडा कसा मांडणार?

सडेतोड

हा मुद्दा मान्य. सौदा चीनने कितपत पाळला असता हा प्रश्न मात्र उरतोच. शब्दाला जागणारा शेजारी आहे का तो?

पारोची_वाट

आणखी एक. २०२१ च्या जानेवारीत भारताने भूतानला दीड लाख लसी फुकट पाठवल्या, सगळ्यात आधीच्या देशांत. मार्चमध्ये आणखी चार लाख. दोन आठवड्यांत त्यांनी जवळपास सगळ्या प्रौढांना पहिला डोस दिला, जगभर बातम्या झाल्या. मग आपल्याकडे दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. कोणाचाही वाईट हेतू नव्हता, आपल्याच माणसांना खाटा मिळत नव्हत्या. दुसरा डोस जुलैमध्ये झाला, तो मुख्यतः अमेरिकेने दिलेल्या पाच लाख मॉडर्ना लसींवर. ज्या देशाशी औपचारिक संबंधही नाहीत त्याच्या! मैत्री पक्की असूनसुद्धा एकाच विहिरीवर राहू नये ते यासाठी. विहिरीचा मालक चांगला असला तरी विहीर आटू शकते.

जलतरंग

+१. आणि भूतान तेच करतोय असं दिसतं. पुनात्सांगछू-२ आता पूर्ण झालाय. रखडलेल्या पहिल्याच्या धरणाचं कामही पुन्हा सुरू करायचं दोन्ही सरकारांनी ठरवलंय. पण नवीन प्रकल्पांची घडी निराळी आहे. ६०० मेगावॉटच्या खोर्लोछूमध्ये तिथली सरकारी वीज कंपनी ड्रुक ग्रीन आणि टाटा पॉवर भागीदार आहेत, टाटांचा वाटा ४० टक्के. सरकार-सरकारमधलं प्रेमप्रकरण संपून कंपन्यांचा व्यवहार सुरू झालाय. मला ते जास्त बरं वाटतं. भागीदाराशी भावावरून भांडता येतं. उपकारकर्त्याशी कसं भांडणार?

गेलेफूला ते नवं शहर वसवतायत, २०२३ च्या डिसेंबरमध्ये राजांनी जाहीर केलं. कोक्राझारहून ६९ किलोमीटरची रेल्वे येणार. गेलेफू आसामच्या सीमेवर आहे. म्हणजे नवीन दार उघडलं तेही दक्षिणेलाच.

गोधडी

आणि गेलेफू हा ल्होत्साम्पांचा दक्षिण पट्टा आहे, एवढं जाता जाता.

दोन_शब्द

धागा मस्त रंगलाय. पारोची_वाट, एक विचारू? २०१३ च्या गॅसबद्दल तुमच्या घरमालकीणबाई काय म्हणायच्या? तुम्ही वर्षभरातच गेलात ना तिथे?

पारोची_वाट

हो, आम्ही गेलो तेव्हा प्रकरण ताजं होतं. मी एकदा विचारलं होतं. त्या राजकारणावर काही बोलल्या नाहीत, चहा ओतत राहिल्या. मग मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे जुनी बुखारी होती, लाकडाची शेगडी. गॅस आल्यापासून पंधरा वर्षं अडगळीत पडलेली. त्या जुलैत त्यांनी तिचं धुराडं साफ करून घेतलं होतं, आणि भिंतीला लागून हातभर उंचीची लाकडं रचून ठेवली होती. आम्ही तीन वर्षं राहिलो. गॅस रोज मिळत होता, तरी दर दिवाळीच्या सुमारास त्या नवीन लाकडं आणून जुन्यांच्या मागे रचायच्या.